तळ्याकाठचं बसतं गिऱ्हाईक

...आणि वर म्हणतात, "हात लावून बघा!" कशाला? मी म्हणते, कशाला हात लावायचा? डोळे दिलेत ना आपल्याला? ते लांबूनच बघता यावं म्हणूनच दिलेत ना? तुम्हाला सांगते, त्या रविवारपासून मी हात धुतेय. साबणाने धुतले, लिंबाने धुतले, बाबांच्या दाढीच्या क्रीमने धुतले, भांड्यांच्या पावडरीने धुतले तेव्हा तर बोटांची सालं निघाली, पण वास जागचा हलत नाही. आई म्हणते, "वास हाताला नाही गं, तुझ्या डोक्यात बसलाय." डोक्यात बसला असेल तर डोकं धुते, त्यात काय... पण तिला बोलायला काय जातंय? ती तर उठून गेली! हो, तीच. जिने आम्हाला घरातून निघताना, गाडीत बसताना, गाडीतून उतरताना आणि त्या तळ्याच्या फाटकात पाय टाकताना एकच गोष्ट बजावली होती, "काहीही झालं तरी उठायचं नाही."

थांबा, हे असं मधूनच नाही कळायचं.

तर आमची मावशी. आईची धाकटी बहीण. ती गालिच्यांच्या दुकानात होती. गालिचे विकायला नाही, उलगडायला. म्हणजे गिऱ्हाईक गादीवर बसायचं, समोर मावशी एकावर एक गालिचे उलगडायची, हात फिरवायची, गाठी दाखवायची आणि अशी काही बोलायची की आलेला माणूस पायपुसणं घ्यायला आलोय हे विसरून जायचा. मग एक दिवस दुकान बंद झालं. मालकाच्या मुलाला गालिच्यांत रस नव्हता, त्याला मोबाईलची कव्हरं विकायची होती. मावशी आमच्याकडे आली. "थोडेच दिवस," म्हणाली. माझ्या खोलीत आली, अर्थात. आमच्याकडे जे थोड्या दिवसांसाठी येतं ते माझ्याच खोलीत येतं, शिलाई मशीनही तसंच आलेलं आहे.

पण तेव्हाची मावशी बरी होती हो. खिडकीत बसून राहायची, बोलायची नाही. समोर चहा ठेवला तर त्यावर साय धरायची, साय सुरकुतायची... मला चहावरची साय बघवत नाही. शी! मी गुपचूप कप उचलून न्यायचे, तिला कळायचंही नाही. आई स्वयंपाकघरात डोळे पुसायची आणि म्हणायची, "हिचे हात रिकामे झाले गं."

मग त्या तळ्याकाठच्या माहिती केंद्रात माणूस हवं होतं. तिथे येणाऱ्या लोकांना फिरवायचं, तळं समजावून सांगायचं, रविवारी कार्यक्रम करायचा. मावशीला तळ्यातलं काय येत होतं? काही नाही. पण ती म्हणाली, "गालिचा काय आणि चिखल काय, उलगडून दाखवायचं ते तेच." आणि तिने पुस्तकं आणली, वाचली, आणि माझ्या आरशासमोर उभी राहून बोलायला लागली. रोज. मी इकडे भूमितीचा त्रिकोण सिद्ध करतेय आणि मागून आवाज, "मित्रहो! घुबड आपलं भक्ष्य चावत नाही, अख्खं गिळतं!" माझ्या वहीत एका त्रिकोणाला शेपूट आलंय, बाईंनी त्याला लाल गोल केलाय. "मांस पचतं, केस आणि हाडं पचत नाहीत, त्यांची पोटात गोळी होते आणि घुबड ती गोळी तोंडातून बाहेर टाकतं." मग ती थांबायची, आणि बारीक आवाज काढून स्वतःच स्वतःला विचारायची, "मावशी, मावशी, मग त्या गोळीत काय सापडतं?" आणि परत मोठ्या आवाजात, "चला, आपणच उघडून बघू!" हे सगळं मला पाठ झालं हो. कविता पाठ होत नाहीत, हे पाठ झालं.

बोलण्यापर्यंत ठीक होतं. एक दिवस मी सरबताला बर्फ घ्यायला फ्रिज उघडला, तर वरच्या खणात आईस्क्रीमचा डबा. आता आईस्क्रीमचा डबा दिसल्यावर माणूस काय करेल? तुम्ही काय केलं असतं? मी उघडला. आत करड्या, केसाळ, अंगठ्याएवढ्या गोळ्या. एकीतून दात बाहेर आलेले. खऱ्या उंदराचे खरे दात! मी ओरडलेही नाही, माझा आवाजच फुटत नाही अशा वेळी. मी तशीच डबा धरून उभी. मावशी आली आणि अगदी समजूत घातल्यासारखं म्हणाली, "घाबरू नकोस, घुबडाची ओकारी आहे ती." जणू त्याने मला बरं वाटणार होतं! मी खुणेनेच विचारलं, पण फ्रिजमध्ये का? "अगं, गोठवल्याशिवाय आतली कीड मरत नाही." म्हणजे आत कीडही! बर्फाच्या ट्रेला लागून! तेव्हापासून मी आमच्या घरात कोमट सरबत पिते.

आता तुम्हाला वाटेल, केवढी बोलते ही मुलगी. तुमच्यासमोर बोलते हो. बाहेर माझ्या तोंडातून साधं 'हं' निघायलाही मुहूर्त लागतो. शाळेत हजेरी घेताना माझं 'हजर' बाईंना ऐकू येत नाही, त्यामुळे मी वर्गात बसून कितीतरी वेळा गैरहजर राहिलेली आहे. आणि न बोलणाऱ्या माणसाचं काय होतं माहितीये? सगळे आपापल्या सोयीने समजतात. मी गप्प राहिले की आई समजते, हिला चालतंय. बाई समजतात, हिला कळलंय. आणि त्या तळ्यावर तर... ते पुढे सांगते.

तर मावशीचे दोन रविवार झाले आणि दोन्ही वेळा एकच प्रकार. लोक यायचे, बसायचे, आणि तो डबा उघडला की एकेक जण उठायचा. कोणाला फोन यायचा, कोणाचं मूल रडायचं, नसलं रडत तर चिमटा काढून रडवायचे. शेवटी उरायची मावशी आणि रिकामी बाकडी. केंद्राचे साहेब, त्यांना आम्ही टोपीवाले म्हणतो, कारण ते छपराखालीही टोपी काढत नाहीत, ते म्हणाले, "पुढच्या रविवारी मी स्वतः मागे बसणार. लोक शेवटपर्यंत थांबले तर कार्यक्रम राहील, कार्यक्रम राहिला तर तुम्ही राहाल." मावशीने हे जेवताना सांगितलं आणि ताटात बोट फिरवत राहिली. तिचा चहा दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच... साय धरलेला. मी बघितला, पण या वेळी कप उचलायला पुढे झालेच नाही. सायीमुळे नव्हे हो. म्हणजे सायीमुळेही.

मग मावशीलाच आठवलं. गालिच्यांच्या दुकानात म्हणे एक पद्धत होती. मालकाचे सासरे रोज सकाळी येऊन गादीवर बसायचे, हातात चहाचा पेला, आणि प्रत्येक गालिच्याला "वा!" म्हणायचे. काही घ्यायचे नाहीत, नुसते बसायचे. त्यांना दुकानात म्हणायचे 'बसतं गिऱ्हाईक'. का? तर एक बसलेला असला की दुसरा बसतो, आणि एक उठला की सगळे उठतात. "मला फक्त बसतं गिऱ्हाईक हवं," मावशी म्हणाली. आणि आईने माझ्याकडे पाहिलं. मी गप्प. म्हणजे हिला चालतंय!

ठरलं. आई, मी आणि माझा धाकटा भाऊ, तिघांनी अनोळखी लोकांसारखं जायचं, पुढच्या रांगेत बसायचं. मावशीला ओळख द्यायची नाही, टोपीवाल्यांना संशय आला तर संपलंच. बाबांना नेमकी त्याच रविवारी गच्चीवरची पाण्याची टाकी धुवायची होती. ती टाकी आम्ही या घरात आल्यापासून कोणी धुतलेली नाही. म्हणजे आम्ही इतकी वर्षं जे पाणी... जाऊ दे, शी, तो विषय नको.

गाडी आईने चालवली. पुढे भाऊ, मागे मी आणि मावशी, आणि माझ्या मांडीवर आईस्क्रीमचा तो डबा, कारण मावशीच्या मांडीवर तक्ते होते. खड्डा आला की डब्यात खुळखुळायचं. प्रत्येक खड्ड्याला! आणि पुढून आईचं चालूच, "ऐका रे, लक्षात ठेवा. काहीही झालं तरी उठायचं नाही." ही कोण सांगतेय? जी पालकाच्या जुडीत गोगलगाय दिसली तर जुडी, पिशवी आणि त्या दिवशीचा स्वयंपाक, तिन्ही टाकून देते ती!

उतरलो. दार उघडलं आणि वास! तुम्ही म्हणाल, तळं म्हणजे कमळं, वारा, झुळूक. चित्रात! खरं तळं हिरवं असतं, त्यावर तवंग असतो, काठाला फेस असतो आणि फेसात एक चप्पल असते. कुठल्याही तळ्याला जा, एक चप्पल असतेच, आणि ती कायम एकच असते, दुसरी कुठे जाते देव जाणे. मावशी डबा घेऊन पुढे गेली, आणि आई काळा चष्मा लावून मोठ्याने म्हणाली, "अहो मॅडम, तुझा पोळीचा डबा राहिला गाडीत!" अनोळखी बाई!

आत प्रदर्शन. दारातच पेंढा भरलेला बगळा, त्याला एकच डोळा. दुसरा कुठल्यातरी पोराने उपटून नेला असणार, आणि आमच्या भावाने आत तिसरा सापडणार असल्यासारखं त्या भोकात बोट घातलं. मग एक बटण, 'दाबा आणि ऐका', ते इतक्या जणांनी दाबलेलं की बोट लावलं तर सुटेना, चिकट, आणि दाबल्यावर पाणकोंबडीचा आवाज यायच्या ऐवजी घशात काहीतरी अडकलेल्या माणसाचा आवाज. पण हे सगळं परवडलं. पलीकडे एक भिंत होती. भिंतीवर लाकडी झडपा, आणि वर मोठ्या अक्षरांत, 'ओळखा पाहू, हे कोणी केलं?' मला वाटलं घरटी असतील, जाळी असतील. भावाने पहिली झडप उचलली. काचेमागे... कसं सांगू? सशाच्या लेंड्या. दुसरीत मुंगसाचं. तिसरीत पाणमांजराचं, त्यात माशांचे खवले चमकत होते, आणि त्या काचेला बारीक भोकं पाडलेली. कशाला? शेजारी बाण काढून लिहिलेलं, 'वास घेऊन पाहा!' माणसाने हे पाहायला घरून निघायचं? चांगले कपडे घालून? घरी हे दिसलं तर आपण फिनेल ओततो, आणि इथे काचेमागे दिवा लावून ठेवलंय! भाऊ प्रत्येक झडपेला ओरडतोय, "ताई, हे बघ, हे ताजं वाटतंय!" आणि मी तिथे थिजून उभी, कारण मागे सरकायला मागे टोपीवाले उभे होते. ते माझ्याकडे बघून मान डोलावत म्हणाले, "वा! काय बारकाईने बघतेय ही मुलगी."

बारकाईने! माझा श्वास कोंडलेला होता हो! मी नाक दाबायला हात वर नेत होते, तेवढ्यात ते बोलले, म्हणून हात हनुवटीला लावला. तर विचार करतेय असं दिसलं. न बोलणाऱ्या माणसाचं हे असं होतं!

मग मावशीने सगळ्यांना पायवाटेवर नेलं. आम्ही तिघं, एक नवीन लग्न झालेलं जोडपं, दोन पोरांना घेऊन आलेल्या एक बाई, आणि एक निवृत्त मास्तर, पिशवीत सँडविच घेऊन आलेले. मागे टोपीवाले, हात पाठीशी बांधून. लाकडी पूल, पुलाला कठडा, कठड्यावर पांढरे ओघळ. ज्याने कठडा बांधला त्याने माणसांसाठी बांधला असेल, पण वापरतात पाखरं. नवरीने हात टेकला, बघितला, आणि नवऱ्याच्या शर्टाला पुसला. नवऱ्याने ते पाहिलं. त्यांच्या संसारात तो पहिला रुसवा असावा.

मावशी काठाला वाकली, ओंजळभर काळा चिखल उचलला आणि अगदी मखमली गालिचा दाखवावा तसा तळव्यावर पसरून म्हणाली, "वास घ्या. हा कुजण्याचा वास नाही, हा कामाचा वास आहे. खाली कोट्यवधी जीव जेवतायत." छान बोलली हो, मला खरंच वाटलं. पण जोडपं म्हणालं, "आम्हाला जरा निघायचं होतं," आणि गेलं. दोन पोरांच्या बाई टिकल्या, पण माझ्या भावाने तो चिखल नाकाच्या शेंड्याला लावून त्यांच्या मुलाला लावायला घेतला, तेव्हा त्याही "अगंबाई, बस चुकेल" म्हणत सरकल्या. मावशीचं बोलणं चालू होतं, पण शब्द जरा भरभर यायला लागले. आईने तिला धीर द्यायला म्हणून म्हटलं, "मॅडम, तू सावकाश सांग... सांगा. आम्हाला घाई नाही." भाऊ मात्र सरळ "मावशी, मावशी" करत होता, आणि त्याला कोणी काही म्हणेना, कारण पोरं काय, भाजीवालीलाही मावशीच म्हणतात. आमच्यातला सर्वांत चांगला नट तोच, आणि त्याला नाटक चालू आहे हेही आठवत नव्हतं.

आता शेवटची खोली. लांब टेबलं, पांढऱ्या ताटल्या, चिमटे, आणि बसायला बाकडी. एका भिंतीला काच, बाहेरून आत दिसणारी. आम्ही पुढे बसलो, मास्तर मागे, आणि सगळ्यांत मागे टोपीवाले. आईने माझ्या कानात सांगितलं, "काहीही झालं तरी उठायचं नाही."

मावशीने डबा उघडला. प्रत्येकासमोर एकेक गोळी ठेवली. बर्फातून काढून आणलेली, गाडीत वितळलेली, म्हणजे आता ती ओलसर. केस ओले झाले की कसे चिकटतात? तसे. आणि वास... ओल्या गोणपाटात उंदीर मरून, त्यावर धूळ बसून, ती धूळ पुन्हा भिजली तर येईल तसा. मास्तरांनी पिशवी छातीशी धरली. "सँडविच बाधलीत जरा," म्हणाले आणि उठले. सँडविच बाधत नाहीत हो, पिशवीतली तर मुळीच बाधत नाहीत!

म्हणजे आता आम्हीच. मावशीने आमच्याकडे बघितलं, अनोळखी बघावं तसं, आणि सुरू केलं, "मित्रहो, घुबड आपलं भक्ष्य चावत नाही, अख्खं गिळतं..." आणि माझ्या शेजारी हालचाल झाली. मी वळून बघितलं. आईचा चेहरा त्या तळ्याच्या रंगाचा झालेला. काळा चष्मा कपाळावर चढलेला, पदर तोंडावर. तिने माझा हात दाबला, घट्ट दाबला, मला वाटलं धीर देतेय. आधार घेत होती! माझ्याच हाताचा आधार घेऊन उठली आणि दाराबाहेर! तिच्यामागे भाऊ, "आईला ओकारी येतेय, मी बघून येतो!" म्हणत. त्याला तीही बघायची होती!

बाकड्यावर मी. एकटी. समोर ताटली, ताटलीत ते.

तुम्हाला सांगते, माझेही पाय उठले होते. टाचा वर आल्या होत्या. काचेबाहेर आई झाडाला धरून वाकलेली दिसत होती, मास्तर, जोडपं, सगळे तिथेच घोटाळत होते, बस कोणाचीच चुकली नव्हती. उठायचं काय, एक पाऊल होतं.

आणि मावशी थांबली. "...त्यांची पोटात गोळी होते आणि घुबड ती गोळी तोंडातून बाहेर टाकतं," इथपर्यंत आली आणि थांबली. हीच ती जागा, जिथे कोणीतरी विचारायचं असतं. आरशासमोर ती स्वतःच विचारायची. इथे कोण विचारणार? खोलीत मी, आणि मी शाळेत 'हजर'सुद्धा म्हणत नाही. तिच्या हातातला चिमटा ताटलीच्या कडेला लागून टकटक वाजायला लागला. ती हसत होती, दुकानातलं हसू, पण चिमटा वाजत होता. मागून टोपीवाल्यांची खुर्ची कुरकुरली. आणि माझ्या डोळ्यांसमोर काय आलं असेल? साय. त्या चहावरची सुरकुतलेली साय. म्हटलं, हे समोरचं घाण आहे, पण ती साय... ती रोज बघावी लागेल.

मी म्हणाले, "मावशी... मग त्या गोळीत काय सापडतं?"

माझा आवाज मला स्वतःलाच ओळखू आला नाही. चिमटा वाजायचा थांबला. मावशीने माझ्याकडे बघितलं, आणि ते अनोळखी बघणं नव्हतं. "चला," ती म्हणाली, "आपणच उघडून बघू."

आणि ती थांबली! माझ्यासाठी! म्हणजे मी उघडायची! चिमटा घेतला तर त्याचं एक टोक वाकडं, पकडतच नव्हता, आणि मागून टोपीवाल्यांचा आवाज, "हात लावून बघ. हातानेच बघ." तर मी... लावला. दोन बोटांनी. ओलं, मऊ, आणि आत टोचणारं. केस बाजूला झाले, बरगड्या निघाल्या, सुईएवढ्या, आणि मग कवटी. उंदराची. माझ्या नखाएवढी, पुढचे दोन दात पिवळे. मला ओरडायचं होतं, आवाज फुटेना, म्हणून मी ती कवटी तशीच चिमटीत धरून उजेडात वर केली, कारण खाली ठेवायची म्हटलं तर बोटं उघडेनात! भीतीने आखडली होती हो! पण लांबून काय दिसलं? तर एक मुलगी कवटी उंच धरून निरखतेय.

काचेला नाकं चिकटली. आधी मास्तरांचं. मग नवरीचं. मास्तर आत आले, "अरे, खरंच दात आहेत की," म्हणत माझ्याशेजारी बसले. नवरी आली, मागून शर्टाला डाग पडलेला नवरा आला, दोन पोरांच्या बाई आल्या. आणि मावशी... तुम्ही बघायला हवी होती. तिने बाही मागे सारली आणि एकेक हाड असं मांडत गेली, एकेक रांग, एकेक गाठ, की मास्तर सँडविच खाता खाता तिसरी गोळी मागायला लागले. एकाच हाताने दोन्ही! शी! शेवटी आईसुद्धा दारापर्यंत आली. दारापर्यंतच. आणि तिथून म्हणाली, "वा!"

संपल्यावर टोपीवाले माझ्याजवळ आले. मी म्हटलं, आता विचारणार, कोण तुम्ही, कुठून आलात. ते म्हणाले, "आई बरी आहे का तुझी? सकाळी चौघं एकाच गाडीतून उतरलात, तेव्हाच जरा फिकट दिसत होती." मी थंड! त्यांची खिडकी म्हणे गाड्या लावतात तिथेच उघडते. पोळीच्या डब्यापासून सगळं बघितलेलं. मावशीचा चेहरा उतरला. तर ते टोपी सारखी करत म्हणाले, "घरचे तर घरचे. पण घरचे उठून गेले आणि बाहेरचे परत आले, हे मी पहिल्यांदाच बघितलं. कार्यक्रम राहील." आणि मग माझ्याकडे वळून, "मात्र ही मुलगी दर रविवारी पुढच्या बाकावर पाहिजे. एवढी आवड मी कोणात बघितली नाही."

आवड! मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. नाही म्हणायलाच उघडलं होतं. पण दिवसभराचा आवाज मी त्या एका प्रश्नात खर्च करून बसले होते. मी गप्प राहिले, आणि तिथे असलेल्या एकूण एक माणसाने समजून घेतलं की हिला चालतंय.

मावशीचा चहा आता गरम असतानाच संपतो, हे खरं आहे. एका दमात पिते, निघायची घाई असते ना. खोली अजून माझी झालेली नाही, फ्रिजचा वरचा खण पूर्ण तिचा झालाय, आणि बर्फ लागला तर आम्ही शेजारच्या काकूंकडून आणतो. त्यांना वाटतं आमचा फ्रिज बिघडलाय. वाटू दे. माझं काम सोपं आहे, पुढच्या बाकावर बसायचं आणि काहीही झालं तरी उठायचं नाही. येत्या रविवारी जळू आहे. जिवंत. ती म्हणे हातावर ठेवून दाखवतात, आणि मावशी काल आरशासमोर बारीक आवाजात म्हणत होती, "मावशी, मावशी, माझ्या हातावर ठेवा ना..."